गेममध्ये कॉम्प्युटर खरंच चीटिंग करतो का, की आपणच कमी पडतो?

करतो. सगळ्या गेममध्ये नाही, पण बऱ्याच गेममध्ये करतो, आणि बनवणाऱ्यांनी ते ठरवून केलेलं असतं. तेव्हा आपलाच हात कच्चा आहे असं मनाला लावून घेऊ नका.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. रेसिंगमध्ये अख्खी शर्यत पुढे असूनही शेवटच्या लॅपला कॉम्प्युटरची गाडी मागून येऊन कशी निघून जाते, ही एक. आणि फायटिंगमध्ये तुमचा चुलतभाऊ एकच लाथ मारत राहून दर वेळी जिंकतो, याला खेळ म्हणायचं का, ही दुसरी. दोन्हींचं मूळ मला एकच दिसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मालवणात माझं छोटं गेमिंग पार्लर आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत खलाशी पोरं दुपारपासून येऊन बसतात. गणपतीत चाकरमान्यांची मुलं येतात, मुंबईची. बोली वेगळी, तक्रार तीच. ‘हो मेलो चिटिंग करता!’ आणि पुष्कळदा ते शब्दशः खरं असतं.

आधी तुमची गाडी. तुम्ही पुढे गेलात की प्रोग्रॅम मागच्या गाड्यांचा वेग वाढवतो, तुम्ही मागे पडलात की त्यांचा वेग कमी करतो. याला रबरबँडिंग म्हणतात. अशा गेममध्ये कॉम्प्युटरच्या गाडीला तुमच्या गाडीचे नियम पूर्णपणे लागू नसतात. तुमची गाडी वळणावर घसरते, तिला कमाल वेगाची मर्यादा असते, नायट्रो (वेगाचा जादा झटका) संपतो. कॉम्प्युटरच्या गाडीच्या बाबतीत यातलं काहीही गरजेनुसार सैल करता येतं. १९९२ च्या सुपर मारिओ कार्टमध्ये तर हे उघड दिसतं. आपल्याला रस्त्यावरच्या खुणेवरून गाडी नेऊन हत्यार मिळवावं लागतं, आणि कॉम्प्युटरचे ड्रायव्हर आपापलं ठरलेलं हत्यार काहीही न उचलता वापरत राहतात.

तुमच्या गेममध्ये हे आहे का, ते घरच्या घरी तपासता येतं. एक शर्यत जीव तोडून चालवा. तीच शर्यत पुन्हा लावा आणि पहिले लॅप मुद्दाम रमतगमत काढा. दोन्ही वेळा कॉम्प्युटरच्या सगळ्यात पुढच्या गाडीची लॅपची वेळ लिहून ठेवा. तुम्ही हळू चालवल्यावर तीही हळू झाली असेल, तर ती रस्त्याशी शर्यत लावत नाही, तुमच्याकडे बघून चालते. मग पहिल्या लॅपला मिळवलेल्या आघाडीला काही किंमत उरत नाही. नायट्रो राखून ठेवायचा, दुसऱ्या नंबरवर चिकटून राहायचं आणि शेवटच्या वळणानंतर पुढे काढायची. माझ्याकडची मुरलेली पोरं अशीच खेळतात. जिंकतात, पण पहिले लॅप चालवताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नसतं, आणि मला ते बघवत नाही. रेसिंगच्या गेममध्ये सुरुवातीची चांगली गाडी चालवणं फुकट जात असेल तर त्या गेमने आपला मूळ खेळच मारून टाकला.

बनवणाऱ्यांची अडचण मला समजते. रबरबँड काढून टाकला तर कच्चा खेळाडू पहिल्या मिनिटात मागे पडतो आणि उरलेली शर्यत एकटाच गाडी चालवत राहतो, मुरलेला खेळाडू पुढे एकटा पडतो. दोघंही कंटाळतात. खरी चुरस देणारा ड्रायव्हर, जो चुकेल, धोका पत्करेल, दडपणाखाली येईल, तो प्रोग्रॅममध्ये लिहिणं कठीण आहे. गाडीचा वेग वाढवणं एका ओळीचं काम आहे.

फायटिंगमध्ये हे आणखी टोचतं. स्ट्रीट फायटर २ हा गेम १९९१ चा. त्यातल्या गाईल या गड्याचा सॉनिक बूम, म्हणजे दुरून फेकायचा मारा, माणसाने मारायचा तर जॉयस्टिक आधी थोडा वेळ मागे धरून ठेवावी लागते, मग पुढे ढकलून बटण. म्हणजे पुढे चालत येता येता तो मारता येत नाही, आणि त्याच्याशी लढायची सगळी आखणी यावरच उभी असते. कॉम्प्युटरच्या गाईलला मात्र ती मागे धरायची अट नाही. तो चालत येतो आणि मारतो. तुम्ही जो नियम शिकलात, ज्याच्यावर डाव रचलात, तो समोरच्याला लागूच नाही.

त्याहून वाईट म्हणजे बटण वाचणं. १९९३ चा मॉर्टल कॉम्बॅट २ यासाठी बदनाम आहे. डोळ्याने बघून हात हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. असे गेम सेकंदाला साधारण ६० चित्रं दाखवतात, म्हणजे एक चित्र साधारण सेकंदाचा साठावा भाग. तुम्ही बटण दाबलंत हे प्रोग्रॅमला लाथ पडद्यावर दिसायच्या आधीच कळलेलं असतं, आणि त्याचा तोड तो त्याच क्षणी काढू शकतो. मेंढीकोटला बसलात आणि समोरच्याला तुमच्या हातातली पानं दिसतायत, तशातला हा प्रकार. तो हुकूम बरोबर वेळी टाकतो, यात त्याची अक्कल काहीच नाही.

पण बटण वाचणारा कॉम्प्युटर ठरलेल्या गोष्टीला ठरलेलंच उत्तर देतो. म्हणून त्याला फसवताही येतं. मागे उडी घेतली की तो हमखास पुढे येतो, हे एकदा कळलं की पोरं तेवढंच करतात. मागे उडी, तो आला, लाथ. मागे उडी, तो आला, लाथ. सगळा गेम असा संपवतात. मूळ एकच म्हणालो ते हे. विचार करता येत नाही म्हणून कॉम्प्युटरला जादा ताकद दिली जाते. त्या ताकदीपुढे सरळ खेळ चालत नाही, म्हणून माणूस फट शोधतो. आणि फट सापडली की खेळ संपतो, उरते ती हमाली.

आर्केडच्या काळात यात पैशाचाही भाग होता. नाणं टाकून खेळायच्या मशीनवर पोरगं अर्धा तास एकाच नाण्यावर उभं राहिलं तर मालकाचं नुकसान. तेव्हा हरवणं हा धंद्याचाच भाग होता. आज मोबाइलवरच्या कित्येक गेममध्ये तोच हिशेब वेगळ्या कपड्यात आहे, एका ठिकाणी मुद्दाम अडकवायचं आणि तिथेच ‘विकत घ्या’चं बटण ठेवायचं. पोरांना मी हे सरळ सांगतो: तिथे हरलात तर ते तुमच्या खेळामुळे नाही.

स्ट्रॅटेजी गेमचं थोडक्यात. एज ऑफ एम्पायर्स २ (१९९९) मध्ये सगळ्यात कठीण पातळीवर कॉम्प्युटरला लाकूड, धान्य, सोनं, दगड फुकटात जादा मिळायचे. २०१९ च्या नव्या आवृत्तीतला कॉम्प्युटर असं काही न घेता खेळतो आणि तरी भल्याभल्यांना भारी पडतो. म्हणजे मनावर घेतलं तर करता येतं.

आता एक उलटी बाजू. कॉम्प्युटर कधीकधी आपल्या बाजूनेही चीटिंग करतो, पण त्याबद्दल आपण ओरडत नाही. फायर एम्ब्लेम या जपानी गेमच्या मालिकेत २००२ पासून बरीच वर्षं असं होतं की पडद्यावर नेम लागण्याची शक्यता ९० टक्के दिसायची, पण आत दोन आकडे काढून त्यांची सरासरी घेतली जायची, त्यामुळे खरी शक्यता ९८ च्या आसपास असायची. १० टक्के दिसलं तर खरी जेमतेम २. सिव्हिलायझेशन हा स्ट्रॅटेजी गेम करणारे सिड मायर यांनी २०१० साली गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत सांगितलं होतं की आपली ताकद तिप्पट असताना लढाई हरली की खेळाडूंना ते पटतच नसे. गणिताने चारातून एकदा हरायला हवं, पण माणसाचं मन तिप्पट म्हणजे जिंकलोच असं धरून चालतं. त्यांनी शेवटी गणितच खेळाडूच्या मनाप्रमाणे वाकवलं.

म्हणून प्रत्येक हार चीटिंगच्या खात्यात टाकण्याआधी थोडा हिशेब करावा. आमच्याकडे पावसात लाईट गेली की सगळे मोबाइलवर लुडो काढतात, आणि फासा चोर आहे यावर सगळ्यांचं एकमत असतं. साध्या, सरळ फाशाने दहा वेळा टाकून एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के आहे. म्हणजे चार जण खेळत असतील तर कुणा ना कुणाच्या वाट्याला हे वरचेवर येणारच. संशय असेल तर सगळ्यांचे मिळून दोनतीनशे फासे वहीत लिहा आणि सहा किती पडले ते मोजा. सहाव्या हिश्श्याच्या आसपास असतील तर त्या फाशावर आळ घेऊ नका.

आता चुलतभाऊ. तुम्ही गेमचं नाव दिलेलं नाही, पण मी हे टेकन ३ या फायटिंग गेममध्ये रोज बघतो. त्यातला एडी गोर्डो हा गडी घ्यायचा आणि लाथांची दोन बटणं, फुली आणि गोल, अंगठ्याने नुसती बडवत राहायची. एडी हातांवर उलटा होतो, पाय भिंगरीसारखे फिरतात, समोरच्याला कुठे अडवायचं तेच कळत नाही. गेल्या पावसाळ्यात एक देवबागचा पोरगा यामुळे इतका चिडला की ‘एडी घेवचो नाय’ असा कागद भिंतीवर लावा म्हणून माझ्या मागे लागला. मी कागद लावला नाही. त्याला एकट्याला प्रॅक्टिस मोडला बसवलं आणि एकच गोष्ट दाखवली: एडीच्या ज्या लाथा सारख्या लागतायत त्यातल्या बऱ्याचशा पायाशी येतात, आणि उभं राहून अडवलेल्याला पायाशी आलेली लाथ लागतेच. खाली आणि मागे एकत्र दाबून बसून अडवायचं, त्याची लाथ फुकट गेली की तो क्षणभर उघडा पडतो, तेव्हा मारायचं. मधल्या उंचीवर येणारी लाथ ओळखून उठायचं. पोरगा बरेच दिवस मार खात राहिला. मग एका दुपारी त्याने खाली बसून एक लाथ अडवली, उठता उठता मारलं, पुन्हा बसला, पुन्हा अडवलं. बटणं बडवणाऱ्याचा अंगठा थांबला. पहिल्यांदाच त्याला बघून खेळावं लागत होतं. त्यानंतर ते दोघं जे खेळले तो खरा टेकन.

तेव्हा चुलतभावाच्या लाथेला उत्तर आहे का, हे आधी शोधा. उत्तर असेल तर ती चीटिंग नाही, तुमच्यासाठी धडा आहे, कितीही राग आला तरी. खरोखरच उत्तर नसेल तर मात्र दोघांनी बसून ती चाल बाद ठरवावी. यात रडीचा डाव काही नाही. १९९४ च्या सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बोमधला अकुमा हा गडी इतका वरचढ होता की मोठमोठ्या स्पर्धांत तो घ्यायलाच बंदी आहे. स्पर्धेत उतरणाऱ्यांना जमतं ते घरच्या पडवीतही जमावं. माझ्या पार्लरमध्ये अशा मोजक्या गोष्टी बाद आहेत. एका जुन्या क्रिकेट गेममध्ये एका ठरावीक टप्प्यावर चेंडू टाकला की कॉम्प्युटरचा फलंदाज दर वेळी त्याच फटक्यावर झेल देतो. माझ्याकडे जो गडी तीच गोष्ट लागोपाठ करतो त्याला पोरंच उठवतात, मला बोलावं लागत नाही.

एकट्याने मशीनविरुद्ध खेळताना फट वापरली तर माझी हरकत नाही, कारण तिथे कुणाचं नुकसान होत नाही. फटीसुद्धा कधी बघण्यासारख्या असतात. सुपर मारिओच्या ३-१ या लेव्हलमध्ये पायऱ्यांवर कासव अडवून त्याच्यावर उड्या मारत राहिलं की लाइफ वाढतच जातात. पण तो आकडा एका बाइटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अगदी छोट्या कप्प्यात, ठेवलेला आहे. १२७ च्या पुढे गेला की गेम त्याला उणे समजतो, आणि त्यानंतर एकदा मेलात की थेट गेम ओव्हर. हे मी मुलांना मुद्दाम करून दाखवतो. कॉम्प्युटर आत कसा मोजतो हे त्यांना तिथे कळतं.

ऑनलाइन खेळताना नेम धरून देणारी हॅक वापरणारे लोक ही वेगळी जात. तिथे शोधायला काही नाही. रिपोर्ट करा आणि बाहेर पडा.

तुमच्या रेसिंग गेमच्या सेटिंगमध्ये ‘कॅच-अप’ किंवा तशा अर्थाचा पर्याय आहे का बघा. काही गेम तो बंद करू देतात. तसं नसेल तर टाइम ट्रायल लावा, जिथे समोर तुमच्याच आधीच्या लॅपची सावली धावते. ती तुम्ही चालवली होतीत तशीच धावते, तुम्ही पुढे गेलात म्हणून तिचा वेग वाढत नाही. आणि चुलतभावाकडे जाण्याआधी प्रॅक्टिस मोडमध्ये त्याचाच गडी कॉम्प्युटरला देऊन ती एक लाथ बसून अडवता येते का, ते बघून घ्या.