सुपरट्रेंड, पाच लाख आणि एम.एस्सी.

प्रश्न : मी लातूरला बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षात शिकते, विषय संख्याशास्त्र. वर्षभरापासून चाळीस हजारांवर इंट्राडे ट्रेडिंग (त्याच दिवशी खरेदी-विक्री) करते. पाच मिनिटांच्या चार्टवर सुपरट्रेंड, आरएसआय आणि एमएसीडी हे तिन्ही इंडिकेटर (भावावरून गणिताने काढलेले संकेत) एका दिशेला आले की एन्ट्री घेते. गेले चार महिने फायद्यात आहे. बाबा यंदा निवृत्त झाले. त्यांच्या पैशांतले पाच लाख ते द्यायला तयार आहेत. एम.एस्सी. न करता पूर्णवेळ ट्रेडिंग करावं का? सर्वांत भरवशाचा इंडिकेटर कोणता? ‘९० टक्के अचूक’ पद्धत शिकवणारा एक क्लास आहे, फी पासष्ट हजार. लावू का?

उत्तर : एम.एस्सी. सोडू नकोस. क्लास लावू नकोस. बाबांचे पाच लाख बँकेतच राहू देत. ट्रेडिंग मात्र सोड, असं मी म्हणणार नाही, कारण तुझा विषय असा आहे की ही आवड नोकरीत उतरू शकते.

आधी घरखर्चाचा हिशेब. महिन्याला २५ हजार लागले तर वर्षाला तीन लाख. पाच लाखांवर तीन लाख काढायचे म्हणजे ६० टक्के परतावा, तोही दरवर्षी, खर्च आणि कर जाऊन. निव्वळ १५ टक्के मिळाले तर ते चांगलं वर्ष; पाच लाखांवर ते ७५ हजार होतात, महिना सव्वासहा हजार. शिवाय ट्रेंडवर चालणाऱ्या पद्धतीचं उत्पन्न दरमहा येत नाही. बाजार कधी कधी महिनोन्‌महिने साइडवेज, म्हणजे एकाच पट्ट्यात, राहतो, तेव्हा लहान लहान तोटे साचत जातात आणि मग दोन-तीन मोठ्या चाली वर्षाची भरपाई करतात. किराणा आणि घरभाडं त्यासाठी थांबत नाही. या ताणातच लोक प्रत्येक सौद्यातली जोखीम वाढवत जातात.

जोखीम वाढली की काय होतं, ते तुला वहीत मांडता येईल. धर की तुझी पद्धत शंभरपैकी ३८ सौदे जिंकते. ट्रेंडच्या पद्धतींत हे प्रमाण एवढंच असणं नेहमीचं आहे. जोखीम म्हणजे सौदा हरला तर जाणारी, आधीच ठरवलेली रक्कम. जिंकलेला सौदा सरासरीने जोखमीच्या २.६ पट देतो, हरलेला एक पट नेतो. म्हणजे ०.३८ × २.६ − ०.६२, दर सौद्याला जोखमीच्या सुमारे ०.३७ पट नफा. पद्धत चांगली आहे. पण ०.६२ चा आठवा घात काढ : २.२ टक्के. शंभर सौद्यांच्या मालिकेत कुठेतरी सलग आठ तोटे येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त निघते. दर सौद्याला भांडवलाच्या एक टक्का जोखीम असेल तर या आठ तोट्यांत पावणेआठ टक्के जातात. दहा टक्के असेल तर ५७ टक्के जातात, आणि मूळ रकमेवर परत यायला उरलेल्या पैशांवर १३२ टक्के नफा लागतो.

आता तुझे चार महिने. वरच्याच आकड्यांत एका सौद्याच्या निकालाचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) जोखमीच्या सुमारे १.७५ पट येतं. सरासरी ०.३७ ही शून्यापेक्षा खरोखर वेगळी आहे, असं दोन प्रमाण त्रुटींच्या कसोटीवर म्हणायला साधारण ९० सौदे लागतात. खर्च जाऊन सरासरी ०.२७ उरली तर १६८. तुझ्याकडे किती सौदे आहेत ते मोज. ते सगळे एकाच प्रकारच्या बाजारात झाले असतील, तर १६८ सुद्धा कमी आहेत.

खर्चाचंही तसंच. इंट्राडेत एक लाखाची खरेदी आणि तेवढ्याचीच विक्री धर : डिस्काउंट ब्रोकरची दलाली २० अधिक २०, विक्रीवर एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) २५, त्यावर एक्सचेंजचं शुल्क, मुद्रांक शुल्क आणि जीएसटी. सगळं मिळून ८० रुपयांच्या आसपास. मार्जिनवर, म्हणजे ब्रोकरने दिलेल्या उधारीवर, रोज असे दोन सौदे केले तर महिन्याला ३,२०० रुपये, तुझ्या चाळीस हजारांच्या आठ टक्के. यात स्लिपेज (ठरवलेला भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यांतला फरक) धरलेलंच नाही. पाच मिनिटांच्या चार्टवर चाल लहान असते आणि खर्च तेवढाच राहतो, म्हणून तिथे बरी पद्धतही तोट्यात जाते. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने जुलै २०२४ मध्ये इंट्राडेचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२-२३ मध्ये दहापैकी सात वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. तिशीच्या आतल्यांत हे प्रमाण ७६ टक्के होतं.

सर्वांत भरवशाचा इंडिकेटर, असं काही नसतं, आणि तीन एकत्र केल्याने भरवसा तिप्पट होत नाही. आरएसआय, म्हणजे भावाचा जोर ० ते १०० मध्ये सांगणारा आकडा, जे. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडला. एटीआर, म्हणजे शेअर दिवसाला सरासरी किती हलतो तो आकडा, हाही त्यांचाच. एमएसीडी जेराल्ड ॲपल यांचा, १२ आणि २६ दिवसांच्या सरासऱ्यांतला फरक. सुपरट्रेंड म्हणजे कँडलच्या, म्हणजे त्या काळातल्या उच्चांक-नीचांकाच्या, मध्यापासून एटीआरच्या ठरावीक पट दूर ओढलेली रेषा. तिघांचा कच्चा माल एकच, त्या शेअरचा भाव. भाव जोरात वर गेला की तिघेही हिरवे होणारच; एकाच साक्षीदाराला तीनदा विचारून तीन साक्षी धरल्यासारखं ते आहे. दुसरी नेहमीची चूक आरएसआयची : ७० च्या वर गेला की विकायचं. जोरदार ट्रेंडमध्ये तो आठवडेच्या आठवडे ७० च्या आसपास राहतो, आणि नेमकी वर्षाची कमाई देणारी चाल तू सुरुवातीलाच सोडतेस.

यातला सर्वांत कामाचा आकडा मला एटीआर वाटतो, कारण तो दिशा सांगत नाही, किती शेअर घ्यायचे ते सांगतो. दिवसाची ट्रू रेंज म्हणजे तीन अंतरांतलं मोठं : आजचा उच्चांक ते नीचांक, आजचा उच्चांक ते कालचा बंद भाव, कालचा बंद भाव ते आजचा नीचांक. तिची १४ दिवसांची सरासरी म्हणजे एटीआर. भांडवल दोन लाख आणि जोखीम एक टक्का, म्हणजे २,००० रुपये, असं धर. शेअर ८४० ला, एटीआर १८. स्टॉप लॉस (तोटा थांबवायला ज्या भावाला विकायचं तो) दोन एटीआर खाली, म्हणजे ३६ रुपयांवर, ८०४ ला. २,००० भागिले ३६, आले ५५ शेअर. गुंतले ४६,२०० रुपये. हा भागाकार ऑर्डर टाकण्याआधी करायचा. बहुतेक लोक उलटं करतात : खात्यात आहेत तेवढ्याचे शेअर घेतात आणि मग स्टॉप लॉस कुठे लावू ते शोधतात.

स्टॉप लॉस लावला म्हणजे तोटा तिथेच थांबेल, असंही नाही. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात १३ टक्के पडला, मध्ये सर्किट (पडझडीची ठरलेली मर्यादा) लागून व्यवहार थांबले. ४ जून २०२४ ला, लोकसभा निकालाच्या दिवशी, जवळपास सहा टक्के. अशा दिवशी ८०४ चा स्टॉप ७७० लाही सुटू शकतो. म्हणून एकाच क्षेत्राचे, म्हणजे एकत्र पडू शकणारे, चार शेअर हाती असतील तर चारही सौद्यांची जोखीम एकत्र मोजायची.

तुझी पद्धत तपासायची कशी, ते नीट सांगते, कारण पुढे नोकरीच्या मुलाखतीतही हेच विचारतात. एनएसईच्या संकेतस्थळावरून रोजची भावकॉपी (सगळ्या शेअरच्या त्या दिवशीच्या भावांची फाइल) मोफत मिळते. दहा-बारा वर्षांची उतरव. बोनस (मोफत मिळणारे जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक होणं) यांसाठी जुने भाव जुळवून घे. नाहीतर एकास एक बोनसच्या दिवशी प्रोग्रामला भाव निम्म्यावर पडलेला दिसेल आणि तो खोटा स्टॉप लॉस नोंदवेल. आजची निफ्टी ५० ची यादी घेऊन मागचा काळ तपासू नकोस. येस बँक मार्च २०२० मध्ये या निर्देशांकातून बाहेर गेली. आजच्या यादीत अशा पडलेल्या कंपन्या नसतात, म्हणून निकाल फुगतो. त्या त्या वर्षी असलेली यादी वापर. नियम साधा ठेव : ५५ दिवसांचा उच्चांक ओलांडून बंद झाला की दुसऱ्या दिवशी उघडत्या भावाने खरेदी, २० दिवसांचा नीचांक तुटला की विक्री. संकेत बंद भावावर मिळतो, म्हणून खरेदी त्याच बंद भावाला दाखवायची नाही. तो भाव तुला मिळालेलाच नसतो. दोन्ही बाजूंना पाव-पाव टक्का खर्च वजा कर. २०१९ पर्यंतच्या आकड्यांवर नियम पक्का कर आणि पुढची वर्षं शेवटी एकदाच उघड.

मग ५५ च्या जागी ४५, ५०, ६०, ६५ घालून पाहा. फक्त ५५ लाच नफा दिसला तर तो योगायोग समज. सर्वांत मोठे तीन नफे काढून टाक आणि काय उरतं ते पाहा. सर्वांत खोल ड्रॉडाउन (शिखरापासून झालेली घसरण) किती आणि जुन्या शिखरावर यायला किती महिने लागले, हे दोन आकडे तक्त्यात सर्वांत वर लिही. तेवढे महिने तोट्यात बसून नियम पाळता येईल का, हे तुला स्वतःलाच ठरवावं लागेल.

एफअँडओकडे, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या सौद्यांकडे, तूर्त वळू नकोस. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक. ऑप्शन खरेदीत दिशा बरोबर असूनही दिवस सरतात तसा प्रीमियम (ऑप्शनसाठी मोजलेली किंमत) झिजतो. सुपरट्रेंड ते पाहत नाही. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा तुझ्या करिअरच्या दृष्टीने मोठा आहे : २०२३-२४ मध्ये प्रोप्रायटरी ट्रेडरांच्या (स्वतःच्या पैशाने ट्रेडिंग करणाऱ्या फर्मच्या) नफ्यापैकी ९६ टक्के आणि परदेशी गुंतवणूकदारांच्या नफ्यापैकी ९७ टक्के अल्गो ट्रेडिंगमधून, म्हणजे प्रोग्रामने आपोआप केलेल्या सौद्यांतून, आला. ते प्रोग्राम लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्या लोकांत संख्याशास्त्राची माणसं लागतात. मुंबई, गुरुग्राम, बंगळुरूच्या अशा फर्म संभाव्यता, पायथन किंवा सी प्लस प्लस, आणि आकड्यांवर शंका घेण्याची सवय पाहतात. ब्रोकरकडे रिस्क मॅनेजमेंट आणि रिसर्च डेस्क हे दुसरे दरवाजे. तिथे एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची प्रमाणपत्रं लागतात : डेरिव्हेटिव्हजच्या डीलिंगसाठी मालिका आठ, रिसर्च ॲनालिस्टसाठी मालिका पंधरा. दोन्हींत ६० टक्क्यांना उत्तीर्ण आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात. रिसर्च ॲनालिस्ट झालीस तर ज्या शेअरवर अहवाल दिलास त्यात आधीचे ३० आणि नंतरचे ५ दिवस स्वतः व्यवहार करता येत नाही, हेही आत्ताच माहीत असू दे.

क्लासबद्दल एवढंच : शिकवणाऱ्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक माग. रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएच ने, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए ने सुरू होतो. सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. नोंदणी नसताना शेअरचं नाव घेऊन टिप देणं बेकायदा आहे. आणि ‘९० टक्के अचूक’ ऐकलंस की विचार, उरलेल्या दहांत सरासरी तोटा किती? नऊ वेळा शंभर मिळवून एकदा दोन हजार घालवणारी पद्धतही ९० टक्के अचूक असते.

चाळीस हजार आहेत तेवढेच ठेव. इंट्राडे सोडून दिवसाच्या चार्टवर डिलिव्हरीने (शेअर खात्यात घेऊन) कर, आणि सौद्याची जोखीम ४०० रुपयांच्या आत. बारा महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के दराने कर आहे, तो हिशेबात धर. इंट्राडेचं उत्पन्न सट्टा व्यवसायात मोडतं, त्यामुळे या वर्षीचं विवरणपत्र आयटीआर-३ मध्ये भरावं लागेल. ब्रोकरकडून टॅक्स पी अँड एल (करासाठीचा नफा-तोटा अहवाल) उतरवून ठेव.

एम.एस्सी.साठी पुणे विद्यापीठाचा आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग, दोन्ही पाहा. आयआयटीसाठी जॅम या प्रवेश परीक्षेचा मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर द्यावा लागतो; परीक्षा फेब्रुवारीत असते आणि अर्ज त्याआधीच्या सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात. एम.स्टॅट.साठी भारतीय सांख्यिकी संस्थेची प्रवेश परीक्षा वेगळी आहे, तिचाही अर्ज भर.