विषाणू झाडात शिरतो कसा, झाडाला प्रतिकारशक्ती असते का, आणि बाधित झाडावर काय फवारावं?

फवारणीचं आधी उरकते: काहीही फवारू नका. बाधित झाडातला विषाणू मारणारं फवारणीचं औषध नाही. झाड उपटा, हात साबणाने धुवा आणि मगच शेजारच्या झाडाला हात लावा. मावा मारून रोग थांबेल या आशेवरही फार राहू नका. मोझॅकचे, म्हणजे पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे पाडणाऱ्या रोगाचे, कितीतरी विषाणू मावा सोंडेच्या टोकावर घेऊन फिरतो आणि नुसती सोंड टोचून बघताना नव्या झाडात सोडतो. औषधाने तो मरेपर्यंत काम झालेलं असतं.

शिरण्याचं म्हणाल तर पेशीभित्तिका ओलांडणं विषाणूला स्वतःच्या बळावर जमत नाही. त्याला जखम लागते. ती किडीची सोंड करते, छाटणीची कात्री करते, नाहीतर आपण. प्रयोगशाळेत आम्ही पानावर कार्बोरंडमची, म्हणजे बारीक ओरखडे पाडणारी खरखरीत, पूड भुरभुरून रोगट पानाचा रस बोटाने चोळायचो. तंबाखूच्या मोझॅकचा विषाणू म्हणजे ३०० नॅनोमीटर लांबीची एक काडी: बाहेर प्रथिनाच्या २१३० कपच्या, आत साधारण ६४०० अक्षरांचा आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय मजकूर. आत गेल्यावर कवच सुटतं आणि झाडाचीच यंत्रणा त्याची प्रथिनं बनवू लागते. त्यातलं एक प्रथिन दोन पेशींमधल्या अरुंद वाटा रुंद करतं. पेशीमागून पेशी करत विषाणू रसवाहिन्यांत पोचला की साखरेबरोबर वाहत कोवळ्या पानांत जातो. म्हणून रस चोळलेलं पान बरं दिसतं आणि मोझॅक उमटतो शेंड्याला.

आता प्रतिकारशक्ती. हा प्रश्न वाचला म्हणूनच लिहायला बसले.

असते. विषाणूच्या आरएनएचे बारीक तुकडे करणारी एक यंत्रणा सगळ्याच झाडांत असते, आणि तिला गप्प करणारी प्रथिनं बहुतेक विषाणू बाळगून असतात. दुसरी तऱ्हा जास्त आडदांड आहे: विषाणू ओळखायचा आणि तो ज्या पेशींत आहे त्या पेशीच मारून टाकायच्या. तंबाखूच्या एका रानटी भाऊबंदाकडे यासाठी ‘एन’ नावाचं जनुक आहे. ते संकराने लागवडीच्या तंबाखूत आणलं गेलं. अशा रोपावर विषाणू चोळला की दोन दिवसांत त्या पानावर तपकिरी ठिपके पडतात आणि विषाणू तिथेच कोंडला जातो.

माझी अशी चाळीस रोपं होती. बत्तीसवर विषाणू चोळलेला, आठांवर नुसतं पाणी आणि कार्बोरंडम. गुरुवारी चोळलं, त्याच रात्री खोलीचं कूलिंग बंद पडलं. शनिवारी गेले तर तापमापी ३२ वर आणि पानांवर एकही ठिपका नाही. वाटलं, रस जुना झाला असणार. रोपांना पाणी घातलं, वहीत लिहिलं, घरी गेले. सोमवारी संध्याकाळी मेकॅनिकने कूलिंग सुरू केलं. मंगळवारी सकाळी दार उघडलं तर बत्तीसच्या बत्तीस रोपं आडवी. शेंडे लोंबलेले, देठ काळपट, कोवळी पानं उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी.

मार्गदर्शक सरांनी दारातूनच निकाल दिला: उन्हाळलेली रोपं, रविवारी पाणी घातलं नाही, हलगर्जीपणा. मी म्हटलं, सर, त्याच ट्रेमधली आठ उभी आहेत, त्यांना तहान लागली नाही का? सर म्हणाले, वाद घालू नकोस, नवं बी पेर.

‘एन’ जनुक २८ अंशांच्या वर काम करत नाही. हे १९३१ पासून छापील आहे. गरमीत जनुक झोपलं, चार दिवसांत विषाणू झाडभर पसरला. गारवा आल्यावर जनुक जागं झालं आणि विषाणू असलेली प्रत्येक पेशी मारत सुटलं. विषाणू सगळीकडे, म्हणून मरणही सगळीकडे. तहानेने नाही, ती रोपं स्वतःच्या प्रतिकारशक्तीने मेली. १९९४ साली बार्बरा बेकर या शास्त्रज्ञ बाईंच्या गटाने हे जनुक वेगळं काढलं तेव्हा त्यांनी हीच युक्ती मुद्दाम वापरली होती: उष्णतेत विषाणू पसरू द्यायचा, मग तापमान उतरवायचं. जनुक शाबूत असलेली रोपं मरतात, बिघडलेली वाचतात आणि चाळणी आपोआप होते. आमच्याकडे तिचं नाव हलगर्जीपणा.

तेव्हा माझा सल्ला एवढाच. कोणी ‘हा वाण प्रतिकारक आहे’ म्हणालं तर विचारा, कुठल्या विषाणूला आणि किती तापमानापर्यंत. पानं आकसली की लगेच विषाणू म्हणू नका. कोळी किडीनेही आकसतात, तणनाशकाचा फवारा वाऱ्याने आला तरी आकसतात. आणि कारण ठरवण्याआधी शेजारी काय जिवंत आहे ते बघा. बत्तीस मेलेली मोजायला कोणीही तयार असतं, आठ उभी कोणी मोजत नाही.

हां, सगळीच प्रतिकारक जनुकं इतकी नाजूक नसतात. काही गरमीतही टिकतात. शिवाय रविवारी मी खरंच गेले नव्हते, तेही सांगून टाकते.

तुमचं झाड कुठलं आणि मोझॅक जुन्या पानांवर आहे की शेंड्याला, हे प्रश्नात नाही. फोटो टाका, मग बघू.