शोकपत्र कसे लिहावे आणि शासकीय दुखवट्याच्या परिपत्रकाचा अर्थ कसा लावावा?

आपण गृहनिर्माण संस्थेचे सचिव आहात, संस्थेच्या एका ज्येष्ठ सभासदांचे निधन झाले असून त्यांच्या मुलाला संस्थेच्या वतीने पत्र द्यायचे आहे, आणि त्याच आठवड्यात शासनाने दुखवटा जाहीर केल्याने त्या परिपत्रकानुसार संस्थेने काय करायचे, असा आपला दुहेरी प्रश्न आहे. मी एका कार्यालयाच्या आस्थापना शाखेत बरीच वर्षे या दोन्ही प्रकारचे कागद हाताळले, त्या अनुभवावरून लिहितो.

परिपत्रकाचे आधी सांगतो, कारण ते सोपे आहे. ज्या इमारतींवर राष्ट्रध्वज नियमितपणे फडकविला जातो तेथे तो अर्ध्यावर उतरविण्यात यावा, अशा अर्थाचे वाक्य त्यात असते आणि त्यातला ‘नियमितपणे’ हा शब्द नीट वाचायचा असतो. आपली संस्था केवळ २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला झेंडावंदन करत असेल, तर मुद्दाम ध्वज काढून तो अर्ध्यावर लावण्याचे कारण नाही. जेथे लावायचा तेथेही ध्वजसंहितेप्रमाणे तो आधी क्षणभर टोकापर्यंत चढवून मग अर्ध्यावर आणतात, आणि उतरवण्यापूर्वी पुन्हा एकदा टोकापर्यंत नेतात. हे शिपायाला सांगायचे हमखास राहून जाते. करमणुकीचे शासकीय कार्यक्रम होणार नाहीत, हे बंधनही शासकीय कार्यक्रमांपुरते असते, त्यामुळे कोणाच्या घरचे ठरलेले लग्न त्याने अडत नाही. राहिला सुट्टीचा प्रश्न. दुखवटा आणि सुट्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सुट्टीचा आदेश स्वतंत्र निघावा लागतो. लता मंगेशकर यांचे ६ फेब्रुवारी २०२२ रोजी निधन झाले तेव्हा राष्ट्रीय दुखवटा दोन दिवसांचा होता, पण महाराष्ट्रात ७ तारखेची सार्वजनिक सुट्टी राज्य शासनाने वेगळी जाहीर केली होती. डॉ. मनमोहन सिंग यांच्या डिसेंबर २०२४ मधील निधनानंतर सात दिवसांचा दुखवटा पाळला गेला, म्हणून कार्यालये काही सात दिवस बंद नव्हती.

पत्राचे मात्र तसे नाही. परिपत्रकात ठरीव शब्दच हवेत. शोकपत्र निव्वळ ठरीव शब्दांचे असले की घरची मंडळी ते एकदा वाचून बाजूला ठेवतात. ‘दुःखाचा डोंगर कोसळला’, ‘भरून न येणारी पोकळी’ ही वाक्ये तेराव्यापर्यंत त्यांनी चाळीस वेळा ऐकलेली असतात. ‘ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो’ एवढे एक वाक्य शेवटी राहू द्यावे, पण त्याआधी गेलेल्या माणसाची अशी एक आठवण लिहावी जी दुसऱ्या कोणाच्या पत्रात येणार नाही. समजा, ते गृहस्थ पाण्याच्या टाकीची देखरेख करत असत, तर लिहावे: ‘गेली कित्येक वर्षे टाकीच्या खोलीची किल्ली अप्पांकडे असे. पाणी किती वाजता सुटणार हे आम्ही घड्याळात पाहत नव्हतो. पहाटे जिन्यात अप्पांच्या चपला वाजल्या की घरोघरी बादल्या नळाखाली लागत.’ एवढ्या दोन ओळींनी मुलाला कळते की पत्र लिहिणाऱ्याने आपल्या वडिलांना पाहिले होते.

नावाआधी काय लिहायचे, यात माझ्याकडून एकदा चूक झाली आहे. सवयीने मी ‘कै.’ लिहिले, ते कुटुंब बौद्ध होते. मुलाने पत्र घेतले, आभार मानले आणि जाताना हळूच म्हणाला, “साहेब, आमच्यात कालकथित लिहितात.” कैलासवासी या शब्दात कैलास आहे, हे इतकी वर्षे लिहूनही माझ्या ध्यानात आले नव्हते. वारकरी घरात ‘वैकुंठवासी’ म्हणतात, ख्रिस्ती कुटुंबात ‘ख्रिस्तवासी’, मुस्लिम कुटुंबाच्या बाबतीत ‘पैगंबरवासी’ असे मराठीत लिहिले जाते. घरच्यांनी लावलेला फलक किंवा वर्तमानपत्रातील निवेदन पाहून तोच शब्द घ्यावा, आणि तेही जमत नसेल तर ‘दिवंगत’ कोठेही खटकत नाही.

संस्थेच्या छापील कागदावर माथ्याला ‘श्री’ असेल तर साधा कागद घ्यावा. पूर्वी मृत्यूची वार्ता कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे आणि वर ‘श्री’ नसे. जुनी माणसे अजूनही हे पाहतात. मायना ‘सप्रेम नमस्कार’ असा असावा, त्यापुढचे ‘वि. वि.’ (विनंती विशेष) हे नेहमीचे शेपूट येथे नको. पत्र टंकलिखित असले तरी खालची सही शाईने करावी आणि अध्यक्षांसह दोघांनी घरी जाऊन ते हातात द्यावे. सभेत शोकप्रस्ताव मंजूर झाला असेल तर त्याची प्रत सोबत जोडता येते.

भाग प्रमाणपत्र, नामनिर्देशन, थकलेली देखभाल वर्गणी यांपैकी एका शब्दाचाही उल्लेख या पत्रात नको. शोकाच्या तीन ओळींनंतर ‘तरी आवश्यक कागदपत्रे पंधरा दिवसांत सादर करावीत’ असे लिहिलेले पत्र मी स्वतः पाहिले आहे. त्या कामासाठी महिनाभराने वेगळे पत्र, वेगळ्या जावक क्रमांकाने पाठवावे.