दुकानं भरलेली असताना घरं उपाशी कशी राहतात?

तुमचा प्रश्न असा: “बाजारात धान्य आहे, दुष्काळ नाही, मग नुसत्या महागाईने कुटुंबं उपाशी कशी राहतात? माणूस बाकीचे खर्च कमी करून आधी पोट भरेल ना?”

दुसरं वाक्य वाचून थोडं हसू आलं, कारण मीही पूर्वी हेच म्हणायचो. पुढे काही वर्षं घरोघर जाऊन लोकांच्या खाण्यापिण्याची पाहणी करायचं काम केलं, तेव्हा ‘बाकीचे खर्च’ म्हणजे काय ते कळलं.

साधा हिशेब मांडू. एका घरात महिन्याला 100 येतात. 60 खाण्यावर, 20 भाड्यात, 10 कामावर जाण्यायेण्यात, 10 इंधन आणि औषधपाण्यात. आता खाण्याच्या वस्तू 30 टक्क्यांनी महागल्या. तेच जेवण 78 ला पडायला लागलं. वरचे 18 आणायचे कुठून? भाडं थकवलं तर डोक्यावरचं छप्पर जातं, जाण्यायेण्याचे वाचवले तर कामच जातं. राहता राहिलं ताट. जुन्या 60 मध्येच भागवायचं म्हटलं तर जेवणाचा जवळजवळ पाव हिस्सा नाहीसा होतो. ज्याच्या घरी 100 तले 15 च खाण्यावर जातात, त्याला हीच महागाई साडेचारला पडते. तो एखादा सिनेमा कमी बघतो आणि महागाईवर तावातावाने बोलतो. (मीही याच गटातला, म्हणून हक्काने लिहितोय.) कुटुंब जितकं गरीब तितका खर्चातला खाण्याचा वाटा मोठा, हे अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 मध्येच दाखवून दिलं होतं.

म्हणजे ‘आधी पोट’ हा क्रम गरीब घरात उलटा होतो. जेवण हा असा एकच खर्च आहे की जो कोणालाही न विचारता आज रात्रीपासून कमी करता येतो. भाडं चुकलं तर घरमालक दारात येतो. पानात एक वाढणी कमी पडली तर विचारायला कोणी येत नाही.

पण हे झालं दरांचं. आर्थिक संकटात दुसऱ्या बाजूने मिळकतही खचते, आणि खरा घात तिथे होतो. हात आखडता घ्यायची वेळ आली की मध्यमवर्ग आधी काय थांबवतो? कपडे शिवून घेणं, घराची रंगरंगोटी, वरकामाची बाई. त्याची काटकसर म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी रोजगार. 1943 च्या बंगालच्या दुष्काळाचा अमर्त्य सेन यांनी जो अभ्यास केला, त्यात हे फार स्पष्ट दिसतं. त्या वर्षीचा तांदळाचा पुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा साधारण 5 टक्केच कमी होता, आणि ज्या 1941 मध्ये दुष्काळ पडला नव्हता त्यापेक्षा जास्तच होता. तरी लाखो माणसं गेली. सेन यांच्या अंदाजाने सुमारे 30 लाख. युद्धाच्या खर्चाने दर भडकले, मजुरी मागे राहिली. शेतमजूर गेले, मासेमार गेले. केस कापणाऱ्यांचेही हाल झाले, कारण केस कापणं पुढे ढकलता येतं. एका हजामतीच्या पैशात मिळणारा तांदूळ पार घटला. ज्यांना सरकारी सोयीने ठरावीक दरात धान्य मिळत होतं, ते कलकत्त्याचे नोकरदार तगले. धान्य तेच होतं. ते घेण्याची ऐपत कोणाकडे उरली, एवढाच फरक.

आता घराच्या आत येऊ. ही भूक बाहेरून दिसत नाही, कारण ती पायरी-पायरीने उतरते. पाहणीत पाच प्रश्न ठरलेले असतात. गेल्या सात दिवसांत किती दिवस स्वस्तातलं, नावडतं खाऊन भागवलं? किती दिवस खाण्यासाठी उसनवारी केली? किती दिवस वाढताना कमी वाढलं? लहानांना पुरावं म्हणून मोठी माणसं किती दिवस कमी जेवली? किती दिवस एखादं जेवण टाळलं? अनेक देशांत हेच प्रश्न विचारतात आणि दर दिवसामागे त्यांचे गुणही ठरलेले आहेत (जास्त गुण म्हणजे जास्त हाल): उसनवारीला 2, मोठ्यांनी कमी जेवण्याला 3, बाकीच्यांना एकेक.

त्या 3 गुणांच्या प्रश्नाला खरं उत्तर मिळणं सगळ्यात अवघड. एका घरी तो विचारला. बाई म्हणाल्या, “नाही हो, तसं काही नाही.” मी शून्य लिहिलं. कोपऱ्यात सात-आठ वर्षांची मुलगी वहीत रेघोट्या मारत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “आईला रात्री भूकच लागत नाही.” त्यात तक्रार नव्हती. आईला उंचावरची भीती वाटते, असं सांगावं तसं तिने सांगितलं. मग मी प्रश्न दिवसाच्या हिशेबाने विचारला. काल रात्री? परवा? शून्याचे पाच दिवस झाले.

ही एका घराची गोष्ट नाही. 1997-98 मध्ये इंडोनेशियाचं चलन कोसळलं तेव्हा मध्य जावाच्या खेड्यांत अभ्यासकांना हेच सापडलं. तांदूळ प्रचंड महागला, पण मुलांची वजनं घटली नाहीत. घटली ती आयांची. आणि रक्त तपासलं तेव्हा मुलांचंही हिमोग्लोबिन उतरलेलं निघालं. पोट भाताने भरत होतं, पण अंडी-भाज्यांसारखं पौष्टिक ताटातून गेलं होतं. नुसता वजनकाटा घेऊन गेलेल्याला ‘सगळं ठीक’ असंच दिसलं असतं.

यातूनच एक विचित्र गोष्ट घडते. मुख्य धान्य महागलं की गरीब माणूस कधीकधी ते जास्त खातो! चीनच्या हुनान प्रांतात अगदी गरीब कुटुंबांना तांदूळ स्वस्तात दिला तेव्हा त्यांनी तो कमी खाल्ला आणि वाचलेल्या पैशात इतर पदार्थ आणले. सवलत बंद झाल्यावर गाडी पुन्हा तांदळावर. म्हणून धान्याचा खप टिकून आहे, यावरून लोकांचं नीट चाललंय असं समजू नका.

उसनवारीचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण घर कोसळण्याची वेळ बहुतेकदा तिथे ठरते. एरवी गरीब घर वाण्याच्या वहीवर चालतं: महिनाभर माल, पगाराला चुकता. दर हळू वाढत असतात तोवर वही चालू राहते. ते धावायला लागले की दुकानदाराचंही गणित बसत नाही. आज दिलेल्या मालाचे पैसे तीस दिवसांनी येणार, आणि तेवढ्यात तेवढा माल पुन्हा भरता येणार नाही. तो दुष्ट नसतो, पण वही बंद करतो. मग रोजच्या मजुरीतून रोजचं सुटं घ्यायचं, आणि सुटं नेहमीच महाग पडतं. म्हणजे ज्याच्याकडे कमी पैसे, त्याला तीच वस्तू जास्त दराने. 1923 च्या जर्मनीत तर दुसरं टोक गाठलं: शेतकरी मार्क, म्हणजे तिथलं चलन, घ्यायलाच तयार नव्हते. खेड्यात पीक आणि शहरात उपासमार.

वही बंद झाली की विकाविकी सुरू. भांडी, दागिना, मग कमाईचं साधन. सगळ्यांवर एकदमच वेळ आलेली असते, त्यामुळे विकायला काढलेल्या वस्तूला भाव येत नाही आणि घ्यायच्या धान्याला मात्र चढता भाव.

मदत धान्याची करावी की रोखीने, असंही कोणी विचारेल. दर स्थिर असतील तर रोख बरी, माणूस हवं ते घेतो. दर पळत असतील तर ठरलेली रक्कम हातात पडेपर्यंत विरघळते.

आणि महागाई ‘कमी झाली’ अशी बातमी आली तर जपून वाचा. श्रीलंकेत सप्टेंबर 2022 मध्ये कोलंबोच्या महागाई निर्देशांकात अन्नाचे दर वर्षापूर्वीपेक्षा 90 टक्क्यांहून जास्त चढले होते. पुढच्या वर्षी महागाईचा दर एक आकडी झाला. याचा अर्थ, दुपटीच्या जवळ गेलेले दर साधारण तिथेच थांबले. मजुरीला तिथवर पोचायला वेळ लागतो.

त्या मुलीच्या घरी मी वर्षभराने पुन्हा गेलो होतो. पाचही प्रश्नांना ‘एकही दिवस नाही’ असं उत्तर मिळालं, आणि या वेळी मुलगीही काही बोलली नाही. खिडकीपाशी आधी शिलाई मशीन होतं, तिथे आता पाण्याचा हंडा होता. मशीन विकून अकरा महिने झाले होते. बाई दुसऱ्यांच्या मशीनवर नगावर शिवायला जातात, असं सांगत होत्या.