वेळ ठरव आणि बस

प्रिय बाळा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. तेवढ्याच लांबीचं उत्तर फोनवर टाइप करणं माझ्या बोटांना झेपत नाही, म्हणून हे पत्र.

ऑनलाइन वर्गात कुणीतरी विचारलं, तालमूद, म्हणजे आपल्या धर्मपंडितांच्या चर्चांचा तो ग्रंथ, कितपत झालाय, आणि तुला गप्प बसावं लागलं. तेव्हापासून घरातलं सगळंच तुला कच्चं वाटायला लागलं. आत्याच्या नवसाच्या मलिद्याला, म्हणजे एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या नावानं मांडलेल्या गोड पोह्यांच्या ताटाला, आलास, पण ताटाला हात लावला नाहीस. आता म्हणतोस, आधी हिब्रू पक्कं करतो, मग येरुशलायमला जाऊन नीट शिकतो, तोवर तोरा, आपला मूळ धर्मग्रंथ, बाजूला. आणि त्याच मेसेजच्या शेवटी उलटंच विचारतोस: आपल्या पूर्वजांकडे तरी कुठे पुस्तकं होती, तरी ते ज्यू राहिलेच ना? दोन्ही वाक्यं तुझीच, आणि दोन्हींचा अर्थ इतकाच की आज अभ्यासाला बसायला नको.

वेळ ठरव आणि बस. अर्धा तास पुरे. पाराशा, म्हणजे त्या आठवड्याचा तोरेतला भाग, समोर घे, दोनदा मूळ वाच, एकदा मराठीत वाच. दोनदा मूळ आणि एकदा भाषांतर ही रीत तालमूदातलीच आहे, मी ठाण्यात बसून काढलेली नाही. हिब्रू अडखळत येतं? अडखळत वाच. मन लागत नाही? मन नसताना वाच. श्रद्धा किती आहे ते मोजत बसू नकोस. ते मोजून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

‘तेरुमा’त, पवित्र मंडपाच्या बांधणीच्या पाराशेत, अडकलास म्हणे. दहा पडदे, प्रत्येक अठ्ठावीस हात लांब नि चार हात रुंद, पन्नास फासे, सोन्याच्या कड्या. ‘यात माझ्या जगण्याचं काय?’ अरे, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, कोणती कामं करायची नाहीत ती यादी आकाशातून आली नाही. आपल्या हाखामांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, ती याच मंडपाच्या कामाशी जोडली. पेरणी, कापणी, मळणी, रंगवणं, विणणं, शिवणं अशी एकोणचाळीस कामं. पिळून रस-तेल काढणं त्यांनी मळणीच्या पोटात घातलं. आणि आपण कोण? बेने इस्राएल, कोकणातले शनिवार तेली. जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या आपल्या पूर्वजांच्या सात जोडप्यांची गोष्ट तुला पाठ आहे, पण त्यापुढचं बघ. मिश्नासारखा नियमांचा ग्रंथ नाही, हाखाम नाही, तोंडात फक्त ‘शेमा इस्राएल’ ही प्रार्थना, तरी अलिबाग-रोह्याकडच्या गावांत शनिवारी घाणा बंद. सारा गाव तेल मागायला आला तरी बंद. त्यांनी कारण माहीत नसताना वेळ पाळली. म्हणून पूर्वजांचं नाव घेऊन तुला पुस्तक मिटता येणार नाही. त्यांच्याकडे जेवढं होतं तेवढं त्यांनी ठरल्या वेळी केलं. तुझ्याकडे तर फोनमध्ये तोरेवरचा भाष्यकार राशी अख्खा आहे.

आणि पुस्तकं हाती आली तेव्हा ते काय करत होते? जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. 1874 साली पुण्यात मराठीसकट हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायचा ग्रंथ, छापला गेला, चित्रांत बाया साडी नेसलेल्या. योसेफाची, मोशेची कीर्तनं झाली, साकी-दिंडीसकट. ‘आधी पूर्ण शिकू, मग बघू’ म्हणाले असते तर यातलं एकही झालं नसतं.

राशीवरून आठवलं. तोरेतल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात रिबकेला ‘याकोब आणि एसाव यांची आई’ म्हटलंय. हे तर आपल्याला आधीच माहीत, मग पुन्हा का? राशी त्यावर लिहितो: हे आपल्याला काय शिकवतं, मला माहीत नाही. गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. साडेनऊशे वर्षांपूर्वीचा एवढा मोठा माणूस तसं लिहून पुढच्या ओळीला जातो, आणि तू एका वर्गात उत्तर आलं नाही म्हणून महिनाभर रुसून बसतोस! राग येतो बाळा, खरंच येतो.

मलिद्याचंही सांगून टाकतो. त्या ताटातल्या फळांवर, सुवासावर जे आशीर्वाद म्हणतात ते प्रार्थनापुस्तकातलेच आहेत. पोहे-नारळ आपल्या कोकणाचे, बेराखा, म्हणजे ते आशीर्वाद, सगळ्या ज्यूंचे. एलियाहू हनाबीला कोकणात यायला कुणाची परवानगी लागली नव्हती. आपण ज्यू आहोत का, असा प्रश्न तिकडे इस्राएलमध्ये एकदा उठला होताच. आपली माणसं रस्त्यावर बसली आणि 1964 साली तो मिटला. तो पुन्हा उकरून तू आत्याच्या ताटाशी काय भांडतोस? जा, तिची माफी माग. अभ्यासाआधी हे.

तू विचारशील, काका, तुम्ही का नाही गेलात? माझ्या बरोबरीचे इस्राएलात दिमोनाला गेले, अश्दोदला गेले. मी राहिलो. आई इथे होती, नोकरी इथे होती, आणि शनिवारची सुट्टी मागितली की साहेबाचं तोंड वाकडं व्हायचं, म्हणून कित्येक वर्षं शनिवारी अर्धा दिवस कचेरीत गेलो. लोक म्हणतात, हा काय आम्हांला शब्बाथ शिकवणार. म्हणू देत. सकाळची ७.१२ ची लोकल आणि मांडीवर पाराशा, हे मी कधी चुकवलं नाही. उभ्यानं जावं लागलं तर उभ्यानं वाचली. मेल्यावर वरचा निवाडा होतो तेव्हा पहिला सवाल असतो, व्यवहार सचोटीनं केलास का. लगेच दुसरा, तोरेसाठी वेळ ठरवली होतीस का. किती शिकलास, हे त्या यादीत मला तरी सापडलं नाही. वडिलांना विचारायचं बरंच राहून गेलं, त्याची सल मात्र आहे. त्यांना तोंडपाठ असलेल्या चाली आता कुणालाच येत नाहीत.

तेव्हा येरुशलायमला जरूर जा. तिकीट निघेपर्यंत वेळ ठरव आणि बस. हझानांना, सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना, मी सांगून ठेवलंय, शुक्रवारी संध्याकाळी लवकर आलास तर ते उच्चार दुरुस्त करतील. प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा जणांच्या मिन्यानला दहावा माणूस मिळत नाही तेव्हा ते तसेही वाट बघत असतात.

या आठवड्याची पाराशा ‘तेत्झावे’. पहिल्याच ओळीत दिव्यासाठी कुटून काढलेलं शुद्ध तेल आहे, तेल्याच्या पोरा. राशी त्या तेलाबद्दल काय म्हणतो ते वाच, आणि कळलं नाही ते लिहून पाठव. शुक्रवारी दिवे लागायच्या आत पाठव. नंतर मी फोन बघत नाही.

तुझा काका