लोकसभेने मंजूर केलेलं विधेयक राज्यसभेने अडवलं तर पुढे काय होतं?

आधी विधेयक कुठल्या प्रकारचं आहे ते बघा. धन विधेयक (म्हणजे फक्त कर, सरकारी कर्ज, सरकारी खर्च अशा पैशांच्या बाबींचं) असेल तर राज्यसभेच्या हातात फक्त 14 दिवस असतात. ती शिफारशी करू शकते, पण त्या मानणं लोकसभेवर बंधनकारक नाही. विधेयक धन विधेयक आहे की नाही हे लोकसभा अध्यक्ष ठरवतात, म्हणून खरा वाद बहुतेकदा तिथेच होतो.

साधं विधेयक राज्यसभेने फेटाळलं, दुरुस्त्यांवर एकमत झालं नाही किंवा 6 महिने नुसतं पडून राहिलं, तर राज्यघटनेच्या कलम 108 नुसार राष्ट्रपती दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावू शकतात. हे 6 महिने कॅलेंडरचे नव्हेत बरं का! सत्रसमाप्तीचा काळ (एक अधिवेशन संपल्यापासून पुढचं सुरू होईपर्यंतचा) आणि सलग 4 दिवसांहून जास्त तहकुबी त्यातून वगळतात. बैठकीत हजर राहून मतदान करणाऱ्यांचं साधं बहुमत पुरतं. लोकसभेचे 543 आणि राज्यसभेचे 245 सदस्य, त्यामुळे पारडं कुणाकडे झुकणार हे उघड आहे. तरी आजवर अशी मंजुरी तीनदाच झाली: 1961 (हुंडाबंदी), 1978 (बँक सेवा आयोग रद्द करणं) आणि 2002 (पोटा हा दहशतवादविरोधी कायदा).

घटनादुरुस्तीला मात्र ही पळवाट नाही. तिथे दोन्ही सभागृहांत स्वतंत्रपणे विशेष बहुमत (एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश) लागतं. राज्यसभेने नाही म्हटलं की विधेयक संपलं.