तुम्ही विचारा : निळ्या गालांचा हिशोब

गेल्या अंकात मी सिनेमाची पोस्टरं आणि बॅनर रंगवण्यात गेलेल्या अठ्ठावीस वर्षांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा संपादकांनी घरी पाठवला. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, त्यामुळे सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही. ‘लुप्त होत चाललेली कला’ म्हणून माझी कीव करणारी दोन पत्रं मुद्दाम बाजूला ठेवली आहेत.

जुन्या बॅनरवर हिरोचा अर्धा चेहरा निळा आणि अर्धा केशरी का असायचा? रंग संपायचे का? (एक वाचक, सातारा)

रंग संपायचे, तेही खरंच. पण कारण ते नव्हे.

आमच्याकडे यायचे ते फोटो, म्हणजे स्टिल, बहुतेक कृष्णधवल. त्वचेचा रंग आम्हीच ठरवायचा. आता वीस फूट उंचीचा चेहरा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चालत्या बसमधून दोन-तीन सेकंद दिसणार. तिथे खराखुरा गव्हाळ रंग लावलात तर लांबून तो मातीच्या भिंतीसारखा सपाट दिसतो. म्हणून उजेडाच्या बाजूला केशरी-पिवळा आणि सावलीच्या बाजूला निळा किंवा हिरवा. हे रंग एकमेकांना ढकलतात आणि नाक पुढे येतं. परांचीवर चढून जवळून पाहिलंत तर नुसते फटकारे, चेहरा कुठेच नाही. आमचे उस्ताद चेहऱ्याला हात घातला की दर पाच मिनिटांनी रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जायचे, डोळे बारीक करून बघायचे आणि परत यायचे. दिवसभरात त्यांची किती पायपीट होत असेल, देव जाणे.

रागीट हिरो आला तसे फटकारे आणखी दांडगे झाले. ‘दीवार’ची (१९७५) पोस्टरं करणाऱ्या दिवाकर करकरे यांचं नाइफचं काम बघा. ब्रशऐवजी सुरीनं रंग थापायचा आणि कडा तशीच खरबरीत सोडायची. त्यानंतर प्रत्येक निर्माता आमच्याकडे येऊन ‘तसंच, नाइफमध्ये’ म्हणायला लागला. एकदा तर सोज्वळ कौटुंबिक चित्रपटातल्या आजीबाईही मला नाइफमध्ये कराव्या लागल्या. जखमी दिसत होत्या बिचाऱ्या.

एक पोस्टर करायला किती दिवस लागत? पोस्टर करण्याआधी तुम्हाला सिनेमा दाखवत असत का? (एक वाचक, जळगाव)

सिनेमा दाखवायचे? अहो, तो पुष्कळदा पुरा झालेलाच नसायचा. पोस्टर आधी लागायचं, कारण वितरकाला दाखवायला काहीतरी हवं असे. नाझ सिनेमाच्या आवारात वितरकांच्या कचेऱ्या होत्या, तिथे डिझाइन बघून सौदे होत. आम्हाला मिळायचं एक पाकीट, त्यात चाळीस-पन्नास स्टिल, आणि तोंडी दोन वाक्यांत गोष्ट. ‘दो भाई है, माँ बीमार है.’ बस्स.

त्यातून चेहरे निवडायचे. हिरोचं डोकं व्हिलनपेक्षा मोठं हवं, दोन हिरो असतील तर दोन्ही डोकी सारखी हवीत. एका नटाचा सेक्रेटरी खिशात फूटपट्टी घेऊन यायचा आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत मोजायचा. मग मी दुसऱ्या हिरोच्या केसांचा फुगा कमी करायचो. डोकं तेवढंच राहायचं, दिसायला लहान व्हायचं. फूटपट्टीला ते कळत नसे.

पोस्टरचं मूळ चित्र दोन-तीन दिवसांत हातावेगळं व्हायचं. बॅनर मात्र टोळीचं काम. लाकडी चौकटींवर मांजरपाट ताणायचा, सफेद्याचा हात द्यायचा, लहान चित्रावर चौकटी आखून तेच मोठ्या कापडावर उतरवायचं. भुकटी रंग अळशीच्या तेलात घोटायचे. पोरं आकाश, साड्या, आगीचे लोळ भरणार, लेटरिंगवाला नाव लिहिणार, आणि चेहरे उस्तादांचे. मला पहिल्या दोन वर्षांत फक्त आग आणि घोडे मिळाले. १९६८ साली जी. डी. आर्टचा, म्हणजे कलेच्या सरकारी पदविकेचा, कागद घेऊन गेलो होतो, तो कुणी उलगडूनही पाहिला नाही.

आता चूक सांगतो. एका कौटुंबिक चित्रपटाचं पाकीट आलं. नायिकेचा फोटो सुंदर होता, पण कपाळ फार मोकळं वाटत होतं. मी ठसठशीत लाल टिकली लावली, साडीही लालच केली. पोस्टरं छापून गावोगाव गेली. पहिल्या शुक्रवारी तिकीट काढून सिनेमाला बसलो, तर बाई पहिल्या रिळापासून विधवा! निर्मात्यानं माझ्या बिलातले दोनशे रुपये कापले. मी भांडलो नाही. पण ‘माँ बीमार है’ सांगताना बाप गेलाय एवढं सांगायला काय झालं होतं?

भारतातलं पहिलं सिनेपोस्टर आमच्या बाबुराव पेंटरांचंच ना? (एक वाचक, कोल्हापूर)

टिकून राहिलेल्यांत सर्वांत जुनं म्हणून त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘कल्याण खजिना’चं (१९२४) नाव घेतात. ‘पहिलं’ आणि ‘टिकलेलं’ यांत फरक आहे. पोस्टर भिंतीवर खळीनं चिकटवतात आणि पुढच्या आठवड्यात त्याच्यावर दुसरं बसतं, तेव्हा पहिल्याची खात्री कोण देणार? पण बाबुराव आधी नाटकाचे पडदे रंगवत होते, आणि लांबून दिसेल असं रंगवणं म्हणजे काय हे त्यांना पडद्यानंच शिकवलं असणार, एवढं मी स्वतःच्या हातावरून सांगतो. कोल्हापूरकरांनी अभिमान जरूर बाळगावा.

आजोबांच्या ट्रंकेत सिनेमाची आठ-दहा जुनी पोस्टरं सापडली. खरी आहेत की नंतर छापलेली, कसं ओळखावं? (एक वाचक, नाशिक)

आधी त्यांना लॅमिनेशन करू नका. आधी हेच. आणि फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद कागदात उतरून पिवळा डाग पडतो.

आता भिंग घ्या आणि नायिकेच्या गालावर धरा. सुबक रांगेतले बारीक ठिपके दिसले तर ती ऑफसेटची छपाई. ठिपके नसून खडूनं घासल्यासारखा रवा दिसला, तर ते शिळाप्रेसच्या पद्धतीनं, म्हणजे दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर कारागिरानं हातानं पुन्हा चित्र काढून छापलेलं असणार. त्यात दर रंगाला वेगळा दगड किंवा पत्रा लागे. ऑफसेट निघालं म्हणून लगेच खोटं समजू नका. चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला की पोस्टरही पुन्हा छापत, तीही आता जुनीच. मापही घ्या. आपल्याकडे एक शीट साधारण ३० बाय ४० इंचांचं. खालच्या कडेला बारीक अक्षरात प्रेसचं नाव शोधा. आणि घड्यांच्या रेघा असतील तर आनंद माना. पोस्टरं घड्या घालूनच थिएटरांना जात, नवी नक्कल मात्र गुळगुळीत गुंडाळी करून विकतात.

खाली कोपऱ्यात सही दिसली तर मला फोटो पाठवा. माझी असेल तर घरी एक तरी येईल, निदान फोटोत.

तुमची मूळ चित्रं कुठे आहेत? मी उपयोजित कला शिकते आहे आणि मला पोस्टरंच करायची आहेत. (एक विद्यार्थिनी, पुणे)

बॅनरचं उत्तर सोपं आहे. नवा सिनेमा आला की त्याच मांजरपाटावर पुन्हा सफेदा. एका कापडावर माझे पंधरा-वीस नट एकाखाली एक झोपलेले असतील. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, कापड महाग होतं. चित्रकार एम. एफ. हुसेनसाहेबही तरुणपणी मुंबईत बॅनर रंगवायचे, हे लोक मला अशा स्वरात सांगतात, जणू त्यामुळे आमचा धंदा पावन झाला. त्यांचे बॅनरही असेच पुसले गेले असणार.

पोस्टरांच्या मूळ चित्रांचं मात्र वाटतं. ती निर्मात्याकडे राहिली, काही गोदामात भिजली, काही आता लिलावात निघतात. पुतण्या वकील आहे, त्याच्याकडून कायदा समजून घेतला, तो तुलाही सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ म्हणतं की कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्र काढलंत, आणि वेगळा करार केला नसेल, तर हक्काचा पहिला मालक ते चित्र करवून घेणारा. कलम ५३-अ मध्ये चित्राच्या पुनर्विक्रीत, किंमत दहा हजारांच्या वर गेली तर, चित्रकाराला वाटा आहे, पण तो चित्रकार कलम १७ प्रमाणे पहिला मालक असेल तरच. म्हणजे आमच्यासारख्यांच्या हातात शून्य. चित्र माझं आहे असं म्हणण्याचा हक्क मात्र कलम ५७ नं ठेवलाय, हक्क विकला तरी तो जात नाही.

तेव्हा ये या धंद्यात, जरूर ये. चेहरा काढता येणारा माणूस संगणकावरही उपाशी राहत नाही. पण रंगाला हात घालण्याआधी एका पानाचा करार कर : हक्क कुणाचा, किती वर्षांसाठी, मूळ चित्र परत मिळणार की नाही, नाव कुठे छापणार. माझी बिलबुकं अजून कपाटात आहेत. काल तुझ्यासाठी म्हणून उघडून पाहिली. पानापानावर एकच ओळ आहे : ‘डिझाइन, नग एक, रोख.’